गोंदवल्याचे जेवण आणि न दिसणारा यजमान

गोंदवल्याला गोंदवलेकर महाराजांच्या समाधीस्थानी पंगतीत वाढतात त्या आमटीविषयी मी इतक्या जणांकडून इतके ऐकले होते की ती चाखण्याआधीच तिच्याविषयी माझे मत जरा प्रतिकूल झाले होते. भक्तमंडळी एखाद्या पदार्थाची स्तुती करतात तेव्हा ती पदार्थाची नसून ठिकाणाची असते, आणि ठिकाणाची नसेल तर आठवणीची असते, अशी माझी समजूत होती. शिवाय मी अधूनमधून खाण्यापिण्याविषयी लिहीत असल्यामुळे डाळ, पाणी, मीठ आणि फोडणी यांच्यापलीकडे आमटीत आणखी काही असते, हे ऐकून घेण्याची माझी तयारी नव्हती. माझ्या सासूबाई गेली चाळीस वर्षे गोंदवल्याला जातात. यंदा त्यांचा गुडघा फारच दुखू लागल्यामुळे त्यांना सोबत हवी होती, आणि घरात त्या वेळी मोकळी मीच होते. फाल्गुनात, उत्सवाची गर्दी नसलेल्या दिवसांत, आम्ही दोघी दोन रात्रींसाठी गेलो. हे परीक्षण तिथल्या जेवणाचे आणि व्यवस्थेचे आहे. भक्तीविषयी लिहिण्याचा माझा मुळात विचार नव्हता, पण तिला वगळून त्या जेवणाविषयी काहीच नेमके सांगता येत नाही, हे लिहायला बसल्यावर लक्षात आले.

गोंदवले बुद्रुक हे साताऱ्याहून पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावर, दहिवडी आणि म्हसवड यांच्या दरम्यान वसलेले माण तालुक्यातले गाव आहे. माण हा पर्जन्यछायेतला, वर्षानुवर्षे दुष्काळ पाहिलेला मुलूख; पुसेगाव मागे पडले की रस्त्याच्या कडेचा हिरवा रंग विरळ होत जातो. श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांचा जन्म याच गावी १९ फेब्रुवारी १८४५ रोजी झाला. त्यांचे मूळ नाव गणपती रावजी घुगरदरे. गुरूच्या शोधात त्यांनी लहानपणीच घर सोडले, पुष्कळ भ्रमंती केली, आणि मराठवाड्यातल्या येहळेगावी तुकामाई या सत्पुरुषांपाशी तो शोध संपला. तुकामाईंनी त्यांना अनुग्रह दिला, ब्रह्मचैतन्य हे नाव दिले आणि पुन्हा प्रपंचात धाडले. त्यामुळे महाराजांच्या शिकवणीत घर सोडून पळून जाण्याला जागा नाही: प्रपंच नीट करावा, आणि तो करताना रामाचे नाव घ्यावे, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्र त्यांनी घरोघरी पोहोचवला आणि २२ डिसेंबर १९१३ रोजी गोंदवल्यातच देह ठेवला. चमत्कारांच्या कथा त्यांच्याही चरित्रात आहेत, परंतु माझ्या लक्षात राहिली ती दुष्काळातली हकीकत. गावातले लोक उपाशी मरू लागले तेव्हा महाराजांनी त्यांना आपल्या शेतात मातीकामाला लावले आणि रोज जेवू घातले. फुकट खाल्ल्याची बोचणी घेणाऱ्याला राहू नये, म्हणून काम काढणारा हा यजमान मला पहिल्यापासून आवडला. भक्ती वगैरे पुढची गोष्ट.

वाटेत आम्ही एका हॉटेलात जेवायला थांबलो होतो, ते इथे सांगायला हवे, कारण पुढच्या तुलनेला त्याचा आधार आहे. दोन थाळ्या मागवल्या होत्या. सासूबाईंनी आणखी एक वाटी वरण मागितले, तेव्हा वाढणाऱ्या मुलाने गल्ल्याकडे पाहून ‘एक्स्ट्रा लागेल’ असे ओरडून सांगितले, आणि त्या बिचाऱ्या ‘मग राहू दे’ म्हणाल्या. मुलाचे काही चुकले नव्हते. पैसे देऊन जेवणाऱ्याचे आणि पैसे घेऊन वाढणाऱ्याचे नाते तेवढेच असते, आणि त्या नात्याची मला इतकी सवय आहे की त्यात काही खटकण्यासारखे आहे असे त्या दिवशी दुपारपर्यंत मला वाटले नव्हते.

निवासाची व्यवस्था थोडक्यात सांगते. नाव-गाव नोंदवून खोली मिळाली. खोली साधी, स्वच्छ, आवश्यक तेवढ्याच वस्तूंची. राहण्याचे आणि जेवणाचे पैसे आकारले जात नाहीत. ज्यांना द्यायचे असेल त्यांनी देणगी कार्यालयात जाऊन द्यावे. आम्हाला कोणी तिकडे पिटाळले नाही, कोणी पावतीपुस्तक पुढे केले नाही आणि कोणी ‘अनुग्रह घेतलात का?’ असेही विचारले नाही. ज्यांना खोलीत हॉटेलसारख्या सुखसोयी हव्या असतील त्यांनी वेगळी सोय पाहावी. मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेपासून दशमीपर्यंत पुण्यतिथीचा उत्सव असतो, तेव्हा गाव माणसांनी भरून जाते. पहिल्यांदाच जाणाऱ्याने ते दिवस टाळलेले बरे, असे माझे मत. अर्थात सासूबाईंचे मत याच्या नेमके उलट आहे.

आता जेवण. दुपारी पंगती बसतात. लांबलचक दालनात माणसे ओळीने बसलेली, ज्यांना मांडी घालणे जमत नाही त्यांच्यासाठी बाकांची सोय, आणि मधल्या वाटेने बादल्या घेऊन फिरणारे सेवेकरी. प्रत्येक पदार्थ वाढताना ‘श्रीराम’ असा उच्चार होतो. पुरे असेल तर आपणही हात आडवा धरून ‘श्रीराम’च म्हणायचे. सुरुवातीला मला हे नाटकी वाटले. दहा मिनिटांनी जाणवले की त्या एका शब्दात ‘घ्या’, ‘हवे का?’, ‘पुरे’, ‘थोडे सरका’ आणि ‘माफ करा, धक्का लागला’ या सगळ्यांची सोय झालेली आहे, आणि त्यामुळे एवढ्या मोठ्या पंगतीत आरडाओरडा असा नाहीच. पानात भात आला, भाजी आली, एक गोड पदार्थ आला, आणि मग ती आमटी आली. सगळ्यांना वाढून होईपर्यंत आणि श्लोक म्हणून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही. आमटी समोर वाफाळते आहे, वास नाकात शिरतो आहे, आणि आपण हात मांडीवर ठेवून बसलो आहोत, अशी ती काही मिनिटे असतात.

आमटी सडसडीत होती. गोडसर, किंचित आंबट, आणि मागाहून घशाशी येणारा तिखटपणा. डाळ इतकी एकजीव झालेली की तळाशी दाणा सापडत नव्हता, तरीही पिठल्यासारखा दाटपणा नाही. भातात कालवली की भात भिजतो पण पानभर पळत नाही, हे मोजमाप कोणाला तरी फार चांगले कळलेले आहे. मी तीनदा मागून घेतली. तिसऱ्या वेळी वाढणाऱ्या काकांनी वाटी भरली आणि माझ्याकडे न पाहताच ‘श्रीराम’ म्हणत पुढे गेले. भाजीविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही. ताक उत्तम.

खाद्यलेखक म्हणून मी कारणे शोधू लागले, आणि ती सापडलीही. एवढ्या मोठ्या प्रमाणावर शिजणारी डाळ सावकाश शिजते आणि सावकाश निवते, त्यामुळे ती मुरते. घरच्या कुकरात तीन शिट्ट्यांत हे होणे नाही. शिवाय पंगतीत थांबावे लागते, भूक धारदार होते, आणि भुकेइतका चांगला मसाला दुसरा नाही. शेजारी बसलेल्या एका आजोबांना मी हे सगळे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, ताक प्यायले आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. पण शिजवताना तोंडानं नाम चालू असतं, तेही लिहा.” लिहिते आहे. त्या वेळी मात्र मी मनात म्हटले होते की नामाने डाळ शिजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकड आरतीनंतर सासूबाई भाजी निवडायला बसल्या आणि मीही त्यांच्या शेजारी बसले, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते. समोर मेथीचा ढीग होता. मी घरी निवडते तशी भराभर पाने खुडू लागले, तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्या हातातली जुडी हळूच घेतली आणि म्हणाल्या, “ताई, कोवळा देठ राहू द्या. जून तेवढाच काढा. अन्न आहे.” त्या बँकेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी आठवडाभर येऊन राहत असत. इतक्या लांब येऊन मेथी निवडण्यात काय मिळते, असे मी जरा धिटाईनेच विचारले. त्यांनी मला उत्तर दिले नाही, उलट विचारले, “माहेरी गेल्यावर आई भाजी पुढे ठेवते, तेव्हा तुम्ही तिला असं विचारता का?”

या उत्तराला मी काही बोलू शकले नाही, परंतु त्याने माझे समाधानही झाले नाही. माहेर खरे असते, आई समोर असते, ती निवडलेली मेथी पाहते आणि ‘किती देठ ठेवलेस!’ असे म्हणते तरी. इथे ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांनी १९१३ सालीच देह ठेवला. समाधीपाशी पादुका आहेत, वर गोपाळकृष्णाची मूर्ती आहे. गादीवर बसून आशीर्वाद देणारा कोणी महाराज इथे नाही, व्यवस्था विश्वस्त पाहतात. मेथी कोणी निवडली, किती नीट निवडली, हे कोणालाही कळण्याची शक्यता नाही. आणि तरीही त्या बाई प्रत्येक काडी उजेडात धरून पाहत होत्या. माझ्या दृष्टीने ‘गुरुभक्ती’ या शब्दाचा अर्थ तोपर्यंत हार, पायावर डोके आणि भाबडेपणा असा होता. काडी उजेडात धरून पाहणे हाही त्याचा अर्थ असू शकतो, हे मला कोणी सांगितले नव्हते.

महाराजांच्या बोलण्यात ‘राम कर्ता’ हे शब्द वारंवार येतात. वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक याप्रमाणे त्यांची प्रवचने घरोघर वाचली जातात. आमच्याकडेही सासूबाई रोज सकाळी चहाच्या आधी त्या दिवसाचे पान मोठ्याने वाचतात, म्हणून हे शब्द माझ्या कानावर वीस वर्षे पडत आले आहेत. मला ते नेहमी हात झटकून टाकणारे वाटायचे: सगळे रामच करतो, मग आपण काय करायचे? मेथीच्या ढिगासमोर त्या शब्दांचा एक व्यावहारिक अर्थ दिसला, तो असा की काम आपणच करायचे आणि तेही नेटाने, फक्त ते ‘मी केले’ म्हणून कोणाला दाखवायला न्यायचे नाही.

घरी परतल्यावर मी ती आमटी दोनदा करून पाहिली. पहिल्या वेळी ती दाट झाली. दुसऱ्या वेळी डाळ रात्रभर भिजवून, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आंचेवर शिजवून, चिंच-गूळ बेताने घालून केली, आणि ती खरोखर चांगली झाली; नवऱ्याने आणि मुलाने दोनदा मागून घेतली. पण ती ‘ती’ नव्हती, हे मलाच कळत होते. फरक कशात होता, हे मी पुष्कळ वेळ शोधत राहिले. मग आठवले की आमटी वाढल्यावर मी पळी हातात धरून दोघांच्या तोंडांकडे पाहत उभी होते. गोंदवल्यात वाढणारा तोवर पाच पाने पुढे गेलेला असतो. चवीत याने काही फरक पडतो असा माझा दावा नाही, आणि तो पडतो असे कोणी म्हणाले तर मी आजही वाद घालीन. जेवणाऱ्याला मात्र पडतो. त्या पंगतीत माझ्याकडून कोणालाही काही नको होते, पैसे नको होते, आभार नको होते, आमटी छान आहे असे शब्दसुद्धा नको होते, आणि अशा रीतीने मी यापूर्वी फक्त आईच्या घरी जेवले होते.

माझ्या शंका संपल्या असे कोणी समजू नये. गुरू या शब्दाभोवती आपल्याकडे काय काय चालते ते आपण सगळे पाहतो. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. देह ठेवलेल्या गुरूच्या बाबतीत वेगळीच अडचण असते. तो भक्ताला ‘चुकतोस’ असे सांगायला समोर येत नाही, त्यामुळे भक्ताला जे ऐकायचे असेल तेच त्याने सांगितले असे मानायला वाट मोकळी राहते. सासूबाईंच्या बाबतीत मला हीच भीती होती. डॉक्टरांनी गुडघ्याची शस्त्रक्रिया सुचवून चार महिने झाले होते, आणि त्या प्रत्येक वेळी ‘महाराजांना विचारून सांगते’ म्हणत होत्या. गोंदवल्याला जाण्यामागे खरे कारण तेच होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या बराच वेळ समाधीसमोर बसल्या. खोलीवर आल्यावर पाय चेपून घेता घेता म्हणाल्या, “डॉक्टरांना फोन कर. पुढच्या महिन्यात करून टाकू.”

मी विचारले, “महाराजांनी सांगितलं का, आई?”

“ते काय बोलतात होय!” त्या हसल्या. “मीच बडबडत होते सगळं. सांगून झालं की कळतं आपल्याला, आपण घाबरलोय म्हणून टाळतोय ते.”

चाळीस वर्षांच्या भक्तीची ही व्याख्या मला कोणत्याही व्याख्यानात ऐकायला मिळाली नसती. यात महाराज कुठे आहेत, असा प्रश्न कोणी विचारील. मीही विचारला, मनातल्या मनात. त्या जागी दुसरा कोणी असता, एखादी मैत्रीण किंवा मी स्वतः, तर सासूबाईंनी ‘मी घाबरले आहे’ हे कबूल केले नसते, एवढे मात्र मला खात्रीने माहीत आहे. ज्याच्यासमोर अब्रू राखावी लागत नाही असे एक माणूस त्यांना आहे, आणि ते त्यांच्या जन्माच्या कित्येक वर्षे आधी गेलेले आहे.

त्यांच्या बोलण्यात ते गेलेले नाही, हेही मी याच दोन दिवसांत प्रथम लक्ष देऊन ऐकले. गोंदवल्यात महाराजांविषयी भूतकाळात कोणी बोलत नाही. ‘महाराज उपाशी जाऊ देत नाहीत’, ‘महाराजांना उष्टे टाकलेले आवडत नाही’, ‘महाराजांनी बोलावले म्हणून येणे झाले’. घरातल्या थोरल्या माणसाविषयी आपण जसे बोलतो, थोड्या धाकाने आणि थोड्या लाडाने, तसे हे बोलणे असते. एखाद्या घरात यजमान आतल्या खोलीत विसावले आहेत आणि बाहेर त्यांची मुले पाहुण्यांची ऊठबस करीत आहेत, असे समजून पाहिले की तिथली सगळी व्यवस्था उलगडते: पैसे का घेत नाहीत, आग्रह का करतात, पानात टाकू का देत नाहीत, आभार का नको असतात. दुसऱ्याच्या घरची मुले आपल्याला वाढतात तेव्हा आपण त्यांना बक्षिशी देत नाही. द्यायला गेलो तर अपमान होतो.

म्हणून या जेवणाला किती गुण द्यावेत, हे मला ठरवता आलेले नाही. आमटीला पैकीच्या पैकी देता येतील, पण मग भाजीचे गुण कापावे लागतील, आणि कोणाच्या घरी जेवून आल्यावर भाजीचे गुण कापण्याची रीत आपल्यात नाही. जाणाऱ्यांसाठी उपयोगाचे एवढेच सांगते की पंगतीच्या वेळा आधी विचारून ठेवाव्यात, लागेल तेवढेच वाढून घ्यावे, आणि एक तास तरी भाजी किंवा धान्य निवडायला बसावे. त्याशिवाय आमटीची निम्मी चव कळत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी दाराशी आली. सासूबाई काठी टेकत समाधीपाशी गेल्या, हात जोडले आणि पुटपुटल्या, “येते हं, महाराज.” मग लगेच निघाल्या नाहीत, दोन क्षण तशाच उभ्या राहिल्या, थोरल्या माणसाने ‘बरं’ म्हणेपर्यंत आपण उंबऱ्याशी घोटाळतो तशा. मी तोवर बाहेर येऊन सामान गाडीत ठेवले होते. त्या आल्या, चपला पायात सरकवल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तू सांगितलंस का निघतेस म्हणून?”

मी सांगितले नव्हते. चालकाला पाच मिनिटे थांबायला सांगून मी चपला काढल्या आणि पुन्हा आत गेले. रांग फार मोठी नव्हती.